वऱ्हाडातलं इरजन

गेल्या ऑक्टोबरात मी माझ्या शेजाऱ्याशी खोटं बोललो. प्रवासाचं वर्णन निघण्यापासून सुरू करावं हे मला कळतं. पण ही गोष्ट आधी सांगितली नाही तर पुढचं सगळं नुसतं रस्त्यांचं आणि जेवणांचं वर्णन होईल, आणि तेही एक प्रकारचं खोटंच ठरेल.

पुण्यात आमची आठ बैठ्या घरांची सोसायटी आहे. माझ्या शेजारी मोहनराव राहतात. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनच्या वर्गाला शिकवून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. मुलाने त्यांना विजेवरची छोटी गाडी घेऊन दिली होती, पण घरी चार्जर बसवायला मीटरचा लोड वाढवून हवा होता आणि तो अर्ज कुठेतरी अडकला होता. माझ्याकडे चार्जर होता. तो बसवण्यासाठी मी सोसायटीशी वर्षभर भांडलो होतो, पत्रं लिहिली होती, सभांमध्ये टोमणे ऐकले होते.

एका संध्याकाळी मोहनराव दारात आले. म्हणाले, "उद्या हिला घेऊन वाईला जायचंय, तिच्या बहिणीकडे. आजच्या दिवस गाडी तुमच्याकडे लावली तर चालेल का?"

मी म्हणालो, "अहो, नेमका आजच बिघडला बघा चार्जर."

का म्हणालो? एकदा दिलं की रोज येतील, एवढंच मनात आलं. ते "असू दे, असू दे" म्हणत गेले. मग मी पार्किंगमध्ये जाऊन चार्जरचं मेन बटण पाडलं. त्याचा हिरवा दिवा त्यांच्या खिडकीतून दिसतो म्हणून.

सकाळी साडेसहाला बेल वाजली. मोहनराव अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हत्यारांची पेटी घेऊन उभे. "आमची एसटी सव्वासातला. म्हटलं तोवर तुमचं बघून जावं. तुमची ऑफिसची अडचण नको." मी काही बोलायच्या आत ते पार्किंगमध्ये पोचले होते. पेटी उघडायची वेळच आली नाही. त्यांनी डबीचं झाकण उचललं, बटण वर केलं, हिरवा दिवा लागला. आमच्याकडचं ते बटण आपोआप पडलं तर अर्ध्यावर अडकतं, हाताने पाडलं तरच तळाला जातं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना अर्थातच होतं. त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"झालं," ते म्हणाले. "नुसतं बटण पडलं होतं."

आणि ते एसटी पकडायला गेले. गाडी लावू का, असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या स्वारगेटहून शिरवळच्याही पुढपर्यंत बसमध्ये उभ्याने गेल्या, हे मला माझ्या बायकोने चार दिवसांनी सांगितलं. त्यानंतर चार महिने मोहनराव मला पाहून मान हलवत होते. बोलत नव्हते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अमरावतीहून ताईचा फोन आला. आईची हार्मोनियमची पेटी माझ्याकडे धूळ खात पडली होती, ती तिला हवी होती. मी लगेच हो म्हणालो, कारण मला घरापासून लांब जायचं होतं. पेटी मागच्या सीटवर ठेवली, पट्टा बांधला. बायको म्हणाली, "तू एकटाच जा. आणि येशील तेव्हा त्या दोघांचं काहीतरी कर. मला आता त्यांच्या दारावरून जाववत नाही."

पहिला मुक्काम संभाजीनगरला झाला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाळापूर मागे पडलं आणि जमीन काळी झाली. काळी जमीन मी नकाशात आणि पुस्तकात पाहिली होती. प्रत्यक्षात ती अशी दिसते की तिच्यावर ऊन पडतं आणि परत येत नाही. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळली झाडं) उभ्या होत्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा, आणि वर इतकं मोठं आभाळ की मी गाडीचा वेग आपोआप कमी केला.

अकोल्याच्या अलीकडचा हमरस्त्यावरचा चार्जर बंद होता. पडदा काळा. माझ्या गाडीत बारा टक्के उरले होते. शेजारच्या टपरीतला चहावाला मजेत पाहत होता.

"ते तीन दिसापासून बंद हाय," तो म्हणाला. "तुमी गावात जा ना, गादीवाल्या अन्सारभाईकडे. कोनालेबी इचारा."

तीन जणांना विचारत एका अरुंद गल्लीत शिरलो. कापूस पिंजायच्या यंत्राचा घर्रर्र आवाज येत होता आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर, तारांवर, तुळशीवर, झोपलेल्या कुत्र्यावर, कापसाचे बारीक तंतू बसलेले. अन्सारभाई बाहेर आले. पन्नाशीचे, धिप्पाड. त्यांच्या पापण्यांवरही कापूस होता.

मी पुणेरी शिष्टाचाराने सुरुवात केली. "माफ करा, आपल्याला त्रास देतोय. गाडी चार्ज करायची होती, आपली हरकत नसेल तर..."

"तं लावा ना," ते गरजले. "विचारून कावून (कशाला) राह्यले?"

मी दोन पावलं मागे सरलो. माणूस चिडला असं मला वाटलं. पण तोवर त्यांनी स्वतःच्या मालवाहू टेंपोची वायर खेचून काढली होती आणि माझ्या वायरसाठी हात पुढे केला होता.

"अहो, तुमचा टेंपो?"

"तो कुठी जाते आता? गाद्या काय पळून राह्यल्या?"

साध्या सॉकेटवर चार्जिंग सावकाश होतं. चार तास तरी लागणार होते. मला वाटलं गाडीत बसून राहावं. अन्सारभाईंच्या पत्नी, नसीमभाभी, दारातून म्हणाल्या, "भाऊ, गाडी खाते तोवर तुमी उपाशी राह्यता का?" मग आत बोलावून ज्वारीची भाकर, वांग्याची झणझणीत भाजी आणि कांदा वाढला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "देखो, पुण्याचे हायत, गूळ द्या त्याईले."

जेवताना एक बाई आत आल्या, समोरच्याच घरातल्या. स्कूटरची चावी फिरवत म्हणाल्या, "भाभी, इरजन कधी मोकयं (मोकळं) होते?"

मला वाटलं दह्याचं विरजण. वऱ्हाडात विरजणाला इरजन म्हणतात. पण नसीमभाभींनी माझ्या गाडीकडे बोट दाखवलं. "पाव्हने हायत, अमरावतीलोक (अमरावतीपर्यंत) जायाचे. चारनंतर या."

मग त्यांनी मला समजावलं. या काकूंनी गल्लीत पहिली स्कूटर घेतली तेव्हा त्यांच्या घरी जागा नव्हती. त्या वाटी घेऊन विरजणाला येत तशाच एक दिवस वायर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, माह्या गाडीले जरा इरजन द्या." तेव्हापासून तोच शब्द पडला. "दही लावाले एक चमचाच लागते ना, भाऊ? पूरा मटका कोन मागते? पुढच्या घरापर्यंत पोचलं की झालं. तिथं आनखी कोनी देते."

"फक्त एक फरक हाय," काकू म्हणाल्या. "दिवाबत्तीनंतर कोनी इरजन देत नाई. करंटले चालते." दोघी खूप हसल्या.

मी हसलो नाही. माझ्या दारातही एक माणूस चमचाभरच मागायला आला होता.

चार वाजता निघताना मी खिशात हात घातला तसे अन्सारभाई खरंच चिडले. "ठेवा ते. इरजन इकते का कोनी?" मग त्यांची नजर मागच्या सीटवरच्या पेटीवर गेली. काय आहे विचारलं. आईची पेटी म्हटल्यावर आत गेले, नव्या कापसाची एक छोटी गादी आणली आणि लहान मुलाला गुंडाळावं तशी पेटी तिच्यात गुंडाळली. "पुढं रस्ता हालवते," एवढंच म्हणाले. ज्या माणसाचं आडनावही मी विचारलं नव्हतं, त्याने माझ्या आईच्या पेटीला गादी दिली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मी आरशात मागे पाहत होतो, पण ते केव्हाच आत गेले होते आणि यंत्र सुरू झालं होतं.

मूर्तिजापूरच्या पुढे सूर्य पाठीशी आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा पडायला लागलेला, आणि कुठेच डोंगर नाही. पुण्याच्या माणसाला कुठल्या ना कुठल्या टेकडीच्या आडोशाची सवय असते. इथे लपायला जागाच नव्हती.

अमरावतीत, राजापेठेत पोचलो तेव्हा क्लासेस सुटले होते. पाट्यांवर पाट्या, दुकानांवर दुकानं, आणि पाठीला दप्तरं लावलेल्या शेकडो दुचाक्या सगळ्या दिशांनी एकदम येणाऱ्या. एका मुलीने हॉर्न वाजवत मला सुनावलं, "काका, चालवून राह्यले का झोपून राह्यले?" त्या गर्दीतून आत वळलं की ताईची गल्ली मात्र शांत. ताईने पेटी पाहिली, तिच्यावरून हात फिरवला, आणि गिल्ला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) पुढे ठेवला. त्या संध्याकाळी तिने पेटी वाजवली. दोन सूर बसलेले होते. ते आले की ती तोंडाने गात होती.

दुसऱ्या दिवशी मला मेळघाटात सेमाडोहला जायचं होतं. वाघ दिसो न दिसो, जंगल पाहायचं होतं. ताई म्हणाली, "समोर बाबाराव वानखडेंच्या कंपाउंडला चार्जर आहे, सगळी गल्ली तिथेच लावते. जाऊन लाव. दुपारी जेवून नीघ."

पावणेअकराला गेलो. बाबाराव पंच्याहत्तरीचे, ओट्यावर बसून हरभऱ्याचे सोले (ओले दाणे) काढत होते. चार्जरला एक पांढरी गाडी लावलेली होती. गेटच्या खांबावर एक स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. तिच्याकडे मी लक्षही दिलं नाही.

"ताईंचे भाऊ का? या, या, मामा." ताईचा भाऊ म्हणून मी त्या क्षणी सगळ्या गल्लीचा मामा झालो.

मी विचारलं, "ही गाडी चार्ज झाली का?"

"होऊन राह्यली," ते म्हणाले आणि सोल्यांची परात उचलून आत गेले.

होऊन राहिली. मी माझ्या कानांनी ते ऐकलं आणि माझ्या मराठीत त्याचा अर्थ लावला: होऊन, नुसती राहिलीय उभी. दार उघडून पाहिलं तर गाडीला कुलूपच नव्हतं. किल्ली आतच. मी चकित झालो. कुणालाही हलवता यावी म्हणून ही माणसं गाड्या उघड्या ठेवतात! आतल्या पडद्यावर आकडा असतो, तो पाहावा हे मला सुचलं नाही. मी वायर काढली, गाडी पुढे घेतली, माझी लावली आणि ताईकडे जाऊन जेवून झोपलो.

तीनच्या सुमारास रस्त्यावर आवाज झाला म्हणून बाहेर आलो. एक पस्तिशीची बाई, खांद्याला मोठी कातडी बॅग, पायात गमबूट, त्या पांढऱ्या गाडीचं दार उघडं धरून उभी होती. ताईने दारातूनच मला सांगितलं, ही डॉक्टर शुभांगी, गुरांची डॉक्टर, पलीकडच्या घरात राहते.

"काय झालं बाप्पा हे?" ती ओरडत होती. "बाबाराव काका, नऊ टक्के! साडेधाले लावली होती ना मी? तिवश्याहून फोन आला. म्हैस अडली हाय दुपारपासून. आता मी जाऊ कशी?"

बाबाराव ओट्यावर आले. त्यांनी चार्जरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "सकाळी मधे लाइट गेली असेल, मी लावायच्या आधी."

मी हे लिहिताना थांबलो होतो. चार महिने ज्या एका खोट्याने मला झोप येत नव्हती, त्याच्याच धाकट्या भावाला मी पुन्हा जन्म दिला होता. आणि तोही किती सहज. विचार करावा लागला नाही.

बाबाराव पुन्हा ओट्यावर बसले. शुभांगीने माझ्या गाडीकडे मान वळवली. "तुमची भरली ना, मामा? मंग चला." तिने बॅग मागे टाकली आणि पुढे बसली. मी किल्ली घ्यायला धावलो.

नांदगाव पेठ येईपर्यंत ती फोनवरच होती. "किती वेळ झाला? पाय दिसून राह्यले का? दोन्ही? डोकं नाई दिसत? हात लावू नका कोनी. वढू नका. मी येऊन राह्यली." फोन ठेवून तिने डोळे मिटले. बोटं मांडीवर हलत होती, आत काहीतरी चाचपल्यासारखी.

मी म्हणालो, "डॉक्टर, लाइट गेली नव्हती. तुमची वायर मी पावणेअकरालाच काढली."

तिने डोळे उघडले. "कावून?"

"मी बाबारावांना विचारलं, झाली का. ते म्हणाले, होऊन राह्यली. मला वाटलं, झाली."

तिला हसू फुटलं. "होऊन राह्यली म्हंजे होते आहे, मामा! तुमच्या पुण्यात काय म्हन्तात? होतेय. ते. आन खांबावर वाटी पालथी नव्हती का? पालथी म्हंजे हात लावू नका, चालू हाय. उतानी असली की मोकळं." मग तिचं हसू ओसरलं. रस्त्याकडे पाहत म्हणाली, "हे समजलं मले. वायर काढली ते भाषेनं. पन लाइट गेली हे कोनं सांगितलं? तेबी भाषेनंच?"

"नाही. ते मी."

"मंग मामांनी मले मामा बनवलं." यावेळी ती हसली नाही. "आता पाय दाबा जरा. त्या म्हशीले मराठी समजत नाई."

तिवसा येईपर्यंत मी वेगाखेरीज कशाचाही विचार केला नाही. गावाबाहेर एका घरासमोर दहा-बारा माणसं उभी होती. घर सुधाकरभाऊंचं. रस्त्यातच येऊन ते काच ठोकत म्हणाले, "ताई, आली का बाप्पा!" त्यांच्या घरात ती एकच म्हैस. गोठ्यात ती आडवी पडलेली, डोळे पांढरे, दोन छोटे खूर बाहेर. शुभांगीने बाह्या वर केल्या, बादलीत साबण फेसाळला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. डोळे पुन्हा मिटले.

"मान मागं वळली हाय," ती म्हणाली. "जिवंत हाय. बोट चोखलं त्यानं."

मला गोठ्याच्या दारात उभं राहायचं होतं. तिने मला दोरीचं टोक दिलं. "मामा, वढा म्हनलं की वढा. नाई म्हनलं तं हात सोडा. समजलं? का पुन्हा भाषा?" लोक हसले. त्या परिस्थितीतही लोक हसले.

किती वेळ गेला ठाऊक नाही. तिचा चेहरा म्हशीच्या अंगाला टेकलेला, घाम हनुवटीवरून ओघळतोय, आणि आत, जे कुणालाच दिसत नाही तिथे, तिचा हात एक मान शोधतोय आणि वळवतोय. पिल्लाला आधी मागे ढकलावं लागतं, तेव्हा जागा होते, हे तिने आम्हाला सांगितलं, जणू वर्गात शिकवतेय. मग "वढा" म्हणाली. सुधाकरभाऊ आणि मी ओढलं. "थांबा. थांबा म्हनलं ना!" थांबलो. "आता. हळू." आणि एक काळं, ओलं, लांबच लांब काहीतरी माझ्या पायांवर येऊन पडलं. ते हलत नव्हतं.

शुभांगीने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, वाळल्या गवताची काडी नाकपुडीत घातली, छाती चोळली, पुन्हा काडी घातली. मी जन्मात पहिल्यांदा हात जोडले, कुणापुढे ते कळलं नाही. मग ते शिंकलं. केवढीशी शिंक! गोठ्यातल्या बारा माणसांनी एकदम श्वास सोडला, म्हशीने मान वळवली आणि त्याला चाटायला लागली.

"वगार हाय," सुधाकरभाऊ म्हणाले. म्हणजे मादी. ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हात धुताना शुभांगी मला हळू आवाजात म्हणाली, "आनखी अर्धा घंटा गेला असता तं मले फक्त म्हैस वाचवता आली असती. कदाचित तेबी नाई." तिने ते रागाने सांगितलं नाही. खरं होतं म्हणून सांगितलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मले मांगून काय? तिची मांगा," आणि वगारीकडे हनुवटी केली. मग टॉवेल माझ्या हातात देऊन म्हणाली, "चला, चहा घेऊ." तिच्यापुरतं ते तिथेच मिटलं होतं.

बाहेर आलो तर सुधाकरभाऊंच्या पत्नीने माझी गाडी घराच्या भिंतीला लावून ठेवली होती. खिडकीतून वायर आत गेलेली. कुणी मला विचारलं नव्हतं. "परत जाऊन राह्यले ना अमरावतीले," त्या म्हणाल्या. "म्हटलं थोडं राहू द्या." मी त्यांना अकोल्याचा शब्द सांगितला, इरजन. त्या पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर हाय."

दिवेलागणीला राजापेठेत पोचलो. आधी शुभांगीची गाडी लावली. मग मी ओट्यावर बाबारावांसमोर जाऊन बसलो आणि लाइट गेली नव्हती हे सांगितलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "दिवसभर माह्या घरात पंखा चालू होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"चारचौघांत बोलून तुमाले पाडू का? तुमी सांगसान (सांगाल) म्हनून वाट पाहून राह्यलो."

वाट पाहून राहिलो. आता मला त्याचा अर्थ कळत होता. पाहिली आणि संपली, असा नाही. पाहत होतो, अजून पाहतोय, असा. मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो की ऑक्टोबरातली ती गोष्ट झाली, होऊन गेली. माझ्या मराठीत ती संपली होती. यांच्या मराठीत ती अजून चालूच होती, रोज सकाळी, मोहनरावांनी मान हलवली की पुन्हा.

सेमाडोह राहिलं. ताई रागावली, दाजी म्हणाले, "इतक्या जवळ येऊन जंगल न पाहता जातात का?" पण मला भीती वाटत होती की तीन दिवस झाडं पाहिली तर हे धैर्य निवून जाईल. सकाळीच निघालो. अकोल्याला अन्सारभाईंच्या गल्लीत थांबलो नाही. गाडीला गरज नव्हती, आणि त्यांच्यासमोर बसून आणखी एकदा जेवलो असतो तर रडलो असतो.

रात्री उशिरा पुण्यात पोचलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. नऊ वाजता मोहनरावांच्या दारात गेलो. त्यांच्या भिंतीवर नवाकोरा चार्जर बसवलेला होता. मी नव्हतो त्या चार दिवसांत लोड मंजूर झाला होता. रस्ताभर मी एक वाक्य घोकत आलो होतो, की आजपासून माझा चार्जर तुमचाच समजा. ते वाक्य आता कुणाच्याच कामाचं नव्हतं. देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

मोहनराव अंगणात शिडी पुसत होते. मान हलवली.

"मोहनराव," मी म्हणालो, "त्या दिवशी बटण पडलं नव्हतं. मी पाडलं होतं."

"हो," ते म्हणाले. शिडी पुसणं थांबलं नाही. "तळाला गेलं होतं ते."

"तुम्ही मागितलंत म्हणून पाडलं. चार्जर चांगला होता. मी माफी मागायला आलोय."

त्यांनी फडकं शिडीवर ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण मोकळीकही नव्हती. "मी वायरमन माणूस," ते म्हणाले. "मला फॉल्ट सापडला की माझं काम झालं. उभी ती राहिली होती. ती आत आहे."

मी चपला काढल्या. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर, मांडीवर वर्तमानपत्र. मला पाहून त्यांनी पाय खाली घ्यायला सुरुवात केली.

"नका उठू," मी म्हणालो. "वहिनी, तुम्ही वाईला निघालात त्या दिवशी आमचा चार्जर चालू होता. मी मोहनरावांशी खोटं बोललो. त्या गुडघ्यावर तुम्ही शिरवळच्या पुढपर्यंत उभ्याने गेलात, ते माझ्यामुळे. माझं चुकलं."